बाबांची सिगरेट आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी

"मनात आणलं तर सुटते" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. सिगरेट ओढणाऱ्या माणसाला घरातले सगळे हेच सांगत राहतात, प्रेमाने सांगतात, रागाने सांगतात, शपथा घालतात, आणि तो माणूस खरंच मनात आणतो, दोनतीन दिवस काढतो, मग चिडचिड, झोप नाही, डोकं जड, कशात लक्ष नाही, आणि परत पाकीट. लगेच घरचे म्हणणार, बघा, इच्छाच नाही. माझ्या बाबांना इच्छा होती. दरवेळी मनापासून सोडायचे आणि दरवेळी त्याच पहिल्या आठवड्यात अडकायचे.

तिथेच का अडकतात याला कारण आहे. झुरका मारला की निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे त्याचे रिसेप्टर, म्हणजे निकोटीन जिथे जाऊन बसतं त्या जागा असतात, ते चालू झाले की डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की मेंदू असे रिसेप्टर वाढवून ठेवतो, आणि सिगरेट बंद केली की ते सगळे उपाशी. पहिले दोनतीन दिवस सगळ्यात वाईट, त्यानंतर साधारण दोन ते चार आठवडे त्रास हळूहळू उतरत जातो. म्हणजे माणूस हरतो तो नेमका त्रास शिगेला असताना. इथे नुसतं मन घट्ट करून प्रत्येकाचं भागत नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीही नाही.

बाबांना डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन दिली. ही गोळी २००६ पासून वापरात आहे, चँटिक्स किंवा चॅम्पिक्स या नावांनी काहींनी ऐकली असेल. ती त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते पण त्याला अर्धवटच चालू करते. त्यामुळे दोन गोष्टी होतात, एक म्हणजे तलफ आणि चिडचिड कमी होते, आणि दुसरं, जागा आधीच अडवलेली असल्यामुळे सिगरेट ओढली तरी तिची ती किक मिळत नाही. बाबा एका संध्याकाळी म्हणाले, "ओढली गं, पण लागलीच नाही." मला सगळं औषधशास्त्र त्या एका वाक्यात कळलं.

आईला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की गोळी चालू आणि सिगरेटही चालू. पण पद्धतच तशी आहे. पहिले ३ दिवस अर्धा मिलीग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवशी तीच दोन वेळा, आठव्या दिवसापासून १ मिलीग्रॅम दोन वेळा, आणि सिगरेट बंद करायची तारीख साधारण एक आठवड्यानंतरची ठरवायची. ज्यांना एकदम तोडणं जमत नाही त्यांना हळूहळू कमी करत नेऊन १२ आठवड्यांपर्यंत पूर्ण बंद करायचाही मार्ग आहे, मात्र तेव्हा औषध जास्त दिवस घ्यावं लागतं. तारीख बाबांनी स्वतः ठरवली. आम्ही कोणी सुचवलीसुद्धा नाही आणि मला वाटतं ते फार महत्त्वाचं होतं.

मळमळीबद्दल आधीच सांगून ठेवा, कारण ती बऱ्याच जणांना होते आणि काहींची गोळी यामुळेच सुटते. गोळी पोटभर खाऊन झाल्यावर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली की बाबांना हमखास उलटीसारखं व्हायचं, जेवणानंतर घेतली की नाही. दुसरं म्हणजे स्वप्नं. अगदी खरी वाटणारी, लांबलचक, कधी भीतीदायक. बाबा मध्यरात्री उठून बसायचे. डॉक्टरांनी दुसरी गोळी झोपताना न घेता संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली आणि फरक पडला.

मूडचा प्रश्न मात्र मी हलक्यात घेणार नाही. या गोळीने नैराश्य येतं, आत्महत्येचे विचार येतात अशा तक्रारींमुळे २००९ मध्ये अमेरिकेत तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापला गेला होता. मग २०१६ मध्ये ८००० पेक्षा जास्त लोकांवरचा ईगल्स नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात मानसिक आजार असलेले लोकही होते, आणि बनावट गोळीच्या (म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत असा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही, त्यानंतर तो इशारा काढला. तरीही सिगरेट सोडताना मूड तसाही खाली जातो, त्यामुळे घरच्यांचं लक्ष हवंच. माणूस अचानक वेगळा वागायला लागला, फार उदास किंवा फार भडक झाला तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. दारू घेणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना आधीच सांगावं, या गोळीवर काहींना ती जास्त चढते.

त्याच अभ्यासातला आकडाही सांगते, म्हणजे कोणी चमत्काराची अपेक्षा ठेवणार नाही. २४ आठवड्यांपर्यंत सिगरेटपासून लांब राहिले ते व्हॅरेनिक्लिनवाल्यांपैकी शंभरात साधारण २२, आणि बनावट गोळीवाल्यांपैकी ९. म्हणजे दुपटीहून जास्त, पण शंभरात शंभर नाही. दुसरी एक गोळी आहे, ब्युप्रोपिऑन, मुळात नैराश्यावरची, ती आणि कातडीवर चिकटवायचे निकोटीनचे पॅच या दोघांचा निकाल या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आला. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्यांना चालत नाही. व्हॅरेनिक्लिन बरीचशी लघवीवाटे बाहेर पडते म्हणून किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो. त्यामुळे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आणून चालू करू नका प्लीज.

आणि हो, "त्यांना न सांगता जेवणात मिसळून देता येईल का" असं मला दोघीतिघींनी विचारलंय. त्यांची तळमळ कळते मला, खरंच कळते. पण नाही, अजिबात नाही. ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही तो मळमळ, स्वप्नं, मूड यातलं काहीच डॉक्टरांना सांगू शकणार नाही, आणि त्याच्या शरीरावरचा हक्क त्याचाच आहे. शिवाय कळलं तर विश्वास गेला, आणि त्या विश्वासाची पुढे फार गरज लागते.

अजून एक गोष्ट जी डॉक्टरांनी विचारली म्हणून कळली. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर काही औषधं भराभर निकालात काढत असतं, धूर थांबला की तीच औषधं रक्तात वाढायला लागतात. दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारावरचं क्लोझापिन ही त्यातली. कॅफिनचंही तसंच, म्हणून सिगरेट सोडल्यावर नेहमीइतकीच कॉफी पिऊन हात थरथरतात, झोप उडते आणि सगळा दोष गोळीवर जातो. चालू असलेली सगळी औषधं लिहून न्या.

बाबांची तारीख उलटून गेल्यावर एकदा घसरले. स्वतःहून आईला सांगितलं. तिने फक्त विचारलं, गोळी घेतलीत ना? बस्स. एक सिगरेट झाली म्हणून औषध बंद करायचं नसतं, उलट तेव्हाच ते चालू ठेवायचं असतं.

कोर्स १२ आठवड्यांचा असतो. तेवढ्यात सुटली तर बरेच डॉक्टर आणखी १२ आठवडे देतात, टिकून राहावं म्हणून. बाबा आत्ता त्या दुसऱ्या टप्प्यात आहेत. जेवणानंतर अजून तलफ येते म्हणतात, पण दोनचार मिनिटांत जाते.