दार उघडताना काच खाली का जाते, आणि फ्रेमलेस दारांच्या बाकी सवयी

हँडल ओढलं की दार उघडायच्या आत एक बारीक 'झिक्' आवाज येतो, काच एक-दीड सेंटीमीटर खाली येते, मग दार सुटतं. बंद केलं की लॅच, म्हणजे दार अडकवून ठेवणारी कडी, लागल्यावर काच परत तेवढीच वर जाऊन बसते. फ्रेमलेस, म्हणजे काचेभोवती चौकट नसलेल्या दारांची गाडी घेतली तेव्हा पहिले दोन दिवस मी नुसता हेच बघत होतो, दार उघड, बंद कर, परत उघड. आज चार वर्षांनीही तो आवाज आला की बरं वाटतं, कारण आता माहितीये की या दारांचं सगळं गणित त्या दीड सेंटीमीटरवर आहे.

साध्या दाराला काचेभोवती पत्र्याची चौकट असते आणि काच त्या चौकटीतल्या रबराच्या खाचेत बसते, म्हणजे दार कितीही उघडझाप करा, काच आणि खाच एकत्रच हलतात. फ्रेमलेस दाराला अर्ध्याच्या वर काहीच नाही, नुसती काच. पाणी आणि वारा अडवणारं रबर दारावर नाही तर बॉडीवर, छताच्या कडेला लावलेलं असतं आणि काचेची वरची कड त्या रबराच्या ओठाखाली शिरून बसते. आता काच आत शिरलेली असताना दार बाहेर ओढलं तर काय होणार, ओठ दुमडणार, ताणला जाणार आणि कधीतरी फाटणार. म्हणून आधी काच खाली, मग दार. आणि एक फायदा असा की बंद करताना ती फट उघडी असल्यामुळे आतली हवा बाहेर जायला वाट मिळते, दार हलक्या हाताने लागतं, आपटावं लागत नाही.

हे घडवून आणणारे भाग अगदी साधे आहेत. हँडलला किंवा लॅचला एक मायक्रोस्विच (छोटंसं बटण), त्याचा सिग्नल कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरकडे, मॉड्यूल काचेच्या मोटरला सांगतं जरा खाली ये. मोटर किती फिरली हे सेन्सर मोजत असतो आणि त्यावरून काच नेमकी कुठे आहे हे गाडीला कळतं. इथेच पहिली गोम आहे. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्या काचेची जागा विसरतात. माझ्या बाबतीत हेच झालं, नवीन बॅटरी बसवून गाडी घरी आणली आणि दार उघडताना काच हललीच नाही, रबर काचेला चिकटून 'चर्र' करत बाहेर आलं, पोटात गोळाच आला. लॅच बिघडलं, मोटर गेली असं काय काय वाटलं, पण फक्त काचेला परत शिकवायचं होतं. काच पूर्ण खाली, स्विच काही सेकंद दाबून धरायचा, मग पूर्ण वर घेऊन तसाच धरून ठेवायचा. माझ्या गाडीत एवढ्यावर भागलं, पण प्रत्येक गाडीची पद्धत जरा वेगळी असते म्हणून मॅन्युअल बघूनच करा.

बॅटरी पूर्ण मेली असेल तर काच खाली येऊच शकत नाही, तेव्हा दार अगदी हळू, वरची कड सांभाळत उघडायचं. टेस्ला मॉडेल ३ च्या पुढच्या दारांना वीज नसताना उघडायचा वेगळा खटका आहे, आणि तो फक्त वीज नसतानाच वापरा असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. रोज त्याच खटक्याने दार उघडणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. थंड प्रदेशात बर्फाने काच रबराला धरून ठेवते, तिथे जोर लावायचा नाही, आधी बर्फ वितळू द्यायचा.

काच खाली येण्याची ही युक्ती सगळीकडे असते असंही नाही. सुबारू या जपानी कंपनीने लेगसी, इम्प्रेझा, फॉरेस्टर या गाड्यांना कितीतरी वर्षं फ्रेमलेस दारं दिली आणि त्यात काच खाली वगैरे यायची नाही, दार बंद झालं की काच बाहेरून रबरावर दाबून बसायची, बस. २००७ ते २००९ दरम्यान या तिन्ही गाड्यांच्या नव्या पिढ्या आल्या आणि फ्रेमवाली दारं आली. मला मनापासून वाईट वाटतं त्याचं.

आता वाऱ्याचा आवाज, ज्याची सगळ्यात जास्त तक्रार असते. गाडी वेगात असली की काचेच्या बाहेरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि काच बाहेरच्या बाजूला ओढली जाते, आणि तिला वरून धरायला चौकट नाही, खालून जेवढी पकड आहे तेवढीच. रबर कडक झालं असेल किंवा काचेचा कोन थोडा जरी सुटला असेल तर ठराविक वेगाला शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. कुठून येतोय ते शोधायला कागदाची पट्टी घ्या, काच आणि रबराच्या मध्ये धरून दार बंद करा आणि हळू ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. जिथे सहज निसटते तिथेच फट आहे. माझी मागच्या वरच्या कोपऱ्यात निसटत होती. काचेचा कोन आणि उंची दाराच्या आतल्या बोल्टांनी ॲडजस्ट होते, पण ते काम सवयीच्या हातानेच करून घ्यावं, एका कोपऱ्यात दाब वाढवला की दुसरीकडे कमी होतो.

रबर मऊ राहिलं तर निम्मे त्रास येतच नाहीत. ओल्या फडक्याने पुसायचं, वाळलं की सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, पेट्रोलियमचं काही लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. रबर कोरडं पडलं की अजून एक गंमत होते, वर जाणाऱ्या काचेला अडथळा जाणवतो, गाडीला वाटतं कोणाचा हात अडकला आणि काच आपोआप खाली येते. लोक मोटर बदलायला निघतात, आधी रबर बघा ना.

काच अर्धी खाली ठेवून दार जोरात लावू नका, अर्ध्यावर तिला वरून काहीच आधार नसतो, ती थरथरते आणि तो हादरा थेट रेग्युलेटरला, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला जातो. काचेची कड धरून दार ओढायचं नाही. आणि लहान मुलं जवळ असतील तर जपून, उघड्या दाराच्या काचेचा कोपरा उघडाच असतो आणि पटकन दिसतही नाही. माझ्या भाचीच्या कपाळाला एकदा लागता लागता राहिला, तेव्हापासून मुलं जवळ असली की मी उतरताना काच पूर्ण खाली घेतो.

पावसात छतावरचं पाणी सीटवर पडतं, दाराला चौकट नाही त्यामुळे थेंब अडवायला मध्ये काहीच नाही. त्याला माझ्याकडे उपाय एकच, दार उघडण्याआधी छताच्या कडेवरून हात फिरवायचा आणि दाराच्या खणात एक कोरडं फडकं ठेवायचं.