पेवातला पिवळा रंग

आज संध्याकाळी सांगलीतील एका छापखान्यात आमच्या चित्रकथेचा पहिला फर्मा, म्हणजे अनेक पाने एकत्र छापलेला मोठा कागद, यंत्रावरून उतरताना पाहिला. "आजी, पेव फुटलं म्हणजे नेमकं काय फुटलं?" असे नातीने दोन वर्षांपूर्वी विचारले, तेव्हा मी तिला कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरला नेले होते, जिथे जमिनीखालच्या खोल पेवांत हळद साठवली जात असे आणि जिथली बरीच पेवे २००५च्या महापुरात निकामी झाली. गोष्ट तिथेच सुचली. लिहायला आठ दिवस पुरले; चित्रांना मात्र वर्ष लागले, कारण पेवातला अंधार मुलांना भिववणारा नव्हे, तर ओढ लावणारा हवा होता. मजकूर बावीस पानांत संपत होता, परंतु मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून शेवटी हळदीच्या शेताचे एक जोडपानी चित्र वाढले, आणि तेच मला सर्वांत प्रिय आहे.

सकाळच्या प्रूफात हळद मळकी दिसली. पडद्यावर प्रकाशाने उजळलेला रंग कागदावर चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून उभा करावा लागतो. चित्रकर्तीने पिवळ्यात मिसळलेली काळी व निळी शाई कमी केली, मॅजेंटाची, म्हणजे गडद गुलाबी शाईची, किंचित झाक राखली आणि दुपारी नव्या प्लेट तयार झाल्या. सांगलीच्या मुलांसमोर खोटी हळद ठेवणे मला मान्य नव्हते.

शाई ओली असल्याने नातीने फर्म्याला हात लावला नाही, फक्त वाकून त्याचा वास घेतला.