लडाखात दारं धरली

आमची शाळा धुळे जिल्ह्यातली. मे महिन्याच्या शेवटी आठवी-नववीची नऊ मुलं, एक सर आणि मी अशी अकरा माणसं लडाखला जाऊन आलो. परत आल्यापासून तीन शाळांतून ‘तुमचा कार्यक्रम पाठवा’ असे निरोप आलेत. कार्यक्रमाचा कागद पाठवून काही हाती लागणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कार्यक्रम तसा एका ओळीचा होता : एका गावात सहा रात्री, लेहमध्ये दोन. पँगाँगचं सरोवर नाही, नुब्राचं खोरं नाही, खारदुंग ला नाही. (‘ला’ म्हणजे खिंड.) पालकसभेत यावरूनच सगळ्यात जास्त वाद झाला. ‘एवढ्या लांब जाऊन ती खिंड नाही?’ असं एका वडिलांनी तीन वेळा विचारलं. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात खिंड ५,३५९ मीटरवर आहे, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. पाटी खरी असो की खोटी, तेरा वर्षांच्या पोराला फोटोसाठी तिथे चढवायची माझी तयारी नव्हती.

जाताना विमान टाळलं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. सकाळी मैदानात आणि दुपारी तिथे, हे शरीराला झेपत नाही. आम्ही जम्मूपर्यंत रेल्वेने, मग श्रीनगर, तिथून झोजी ला ओलांडून कारगिलला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी नामिका ला, फोटू ला, लामायुरू करत सिंधूच्या काठाने शाम भागात, म्हणजे लेहच्या अलीकडच्या गावांत, उतरलो. कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिथली रात्र फार उपयोगी पडते. शामची खालची गावं लेहपेक्षाही थोडी कमी उंचीवर आहेत, वरची साधारण लेहएवढ्या किंवा थोड्या जास्त उंचीवर. म्हणून आधी ही खालची गावं आणि शेवटी लेह, असा उलटा क्रम ठेवावा. झोजी लावर ताजा बर्फ पडला की रस्ता बंद होतो, तेव्हा एक दिवस हाताशी मोकळा ठेवाच. आमचा तो दिवस सोनमर्गला पत्ते खेळण्यात गेला.

एवढी काळजी घेऊनही चूक झाली, आणि ती माझीच. फोटू ला ४,१०८ मीटर, या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा. गाडी थांबली, वारा भन्नाट, आणि पोरं पताकांकडे पळाली. मी ओरडले नाही, कारण मलाही पळावंसं वाटत होतं. रात्री एकाचं डोकं ठणकायला लागलं, जेवण नको म्हणाला आणि एकदा ओकला. दुसऱ्या दिवशी त्याला पूर्ण झोपवून ठेवलं. कोमट पाणी आणि पातळ थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, एवढंच दिलं, आणि अर्थातच आणखी वर कुठेही नेलं नाही. संध्याकाळी तो भूक लागली म्हणाला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबायचं. चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं आपल्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वी बोलून घ्या, ऐनवेळी कुणाच्या पिशवीतली गोळी कुणाला देऊ नका.

लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम या पट्ट्यातल्या एका गावात आम्ही राहिलो. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. लेहमध्ये चौकशी केलीत तर यातल्या कुठल्याही गावात घरगुती सोय होते. माणशी रोजचे हजार ते दोन हजार रुपये धरा, त्यात राहणं आणि जेवणखाण आलं. एका घरात चार-पाचांपेक्षा जास्त माणसं घालू नका. आम्ही तीन घरांत वाटून राहिलो. प्रत्येक घराला उत्पन्न मिळालं आणि एकाच अमा-लेवर अकरा जणांच्या भाकऱ्यांचा भार पडला नाही. ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’. आईला अमा-ले, आजोबांना मेमे-ले, आजीला आबी-ले, आणि भेटल्यावर, निघताना, आभार मानताना सगळीकडे ‘जुले’. एवढ्या भांडवलावर मुलांनी सहा दिवस काढले.

आता मुख्य गोष्ट, संडास.

लडाखी घराचा संडास दुमजली असतो. वरच्या खोलीत मातीच्या जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. काम झालं की दोन फावडी माती किंवा चुलीची राख खाली लोटायची. खालच्या खोलीचं दार बाहेर उघडतं. तिथे साचलेल्याचं खत होतं आणि ते पेरणीआधी शेतात जातं. पाणी ओतलं नाही तर वास जवळजवळ नसतो. पहिल्या दिवशी मुलांनी नाकं मुरडली, दुसऱ्या दिवशी नियम पाठ झाले, तिसऱ्या दिवशी मेमे-लेंनी मला खुणेने खालच्या खोलीकडे बोलावलं. हातात विलोची लांब काठी होती. काठीच्या टोकाला पांढरं, ओलं फडकं लोंबत होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, पुन्हा काठी घातली, दुसरं काढलं. एकूण सात निघाली. आमच्या मुलींनी आणलेले सुगंधी ओले टिश्यू. दिसतात कागदासारखे, पण बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात आणि ते कुजत नाहीत. मेमे-ले चिडले नाहीत. दूरच्या शेताकडे बोट दाखवलं, मग फडक्याकडे, आणि मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सगळ्यांच्या पिशव्यांतले ओले टिश्यू गोळा केले. तुम्ही साधा कागद न्या, आणि धुण्यासाठी पाणी कुठे व किती वापरायचं ते घरच्यांना पहिल्याच दिवशी विचारा. लाजू नका, ती माणसं लाजत नाहीत.

एवढी काटकसर का, ते समजायला आकडा एकच पुरे. लेहला वर्षाला पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. आमच्या दुष्काळी म्हणवणाऱ्या तालुक्यात त्याच्या चार-पाचपट पडतो. शेती सगळी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. त्यातही मेख अशी की पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि हिमनद्यांचं भरघोस पाणी उतरतं जूनपासून. मधल्या दीड-दोन महिन्यांत ओढ्याला करंगळीएवढी धार असते. मग गाव काय करतं? रात्रभर येणारं पाणी ‘झिंग’मध्ये, म्हणजे मातीच्या तळ्यात, साठवतं आणि दिवसा पाटाने सोडतं. पाटाला म्हणतात ‘युरा’. कुणाच्या शेताला कधी आणि किती, हे ठरवणारा गावाने नेमलेला माणूस म्हणजे ‘चुरपोन’.

हे मी फळ्यावर शिकवायच्या तयारीत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, म्हणजे आपला पाटकरीच की!” पांझरेकाठची पोरं ती. काही शतकं चालत आलेली फड पद्धत त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली : बंधारा, पाट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडणारा पाटकरी. मला काही शिकवावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी आमच्या घरची पाळी आली आणि आम्ही दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायला, गेलो. सातूची कोवळी हिरवी पात होती, चार बोटं उंच. झिंगचं तोंड उघडलं आणि बर्फाचं पाणी सळसळत आलं. वाफा भरला की अमा-ले एक दगड, मातीचं ढेकूळ आणि जुन्या शर्टाची चिंधी एवढ्यावर दारं बुजवत होती आणि पुढचं फोडत होती. बहुतेक मुलांनी नळाच्या तोटीखेरीज दुसरं काही वापरलेलं नसलं तरी दोन मुलं पट्टीची निघाली, कारण त्यांच्या घरी शेती. बाकीच्यांनी चिखलात बूट रुतवले. पाण्यात पाच मिनिटं उभं राहिलं की पाय बधिर होतात. चुरपोन वरच्या बांधावर बसून जपमाळ ओढत होता, पण वेळ संपली तेव्हा बरोबर उठला. शेवटचा अर्धा वाफा कोरडाच राहिला. एका मुलाने हिंदीत विनवणी केली, थोडं अजून. चुरपोन हसला आणि पाणी शेजारच्या शेताला वळवलं. आमच्या अमा-लेने हूं की चूं केलं नाही.

तुम्हाला हा अनुभव हवा असेल तर मेचा उत्तरार्ध ते जून हा काळ धरा. हिरवंगार लडाख आणि जर्दाळू हवे असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये जा, पण तेव्हा गर्दी असते. ढगफुटीची धास्तीही तेव्हाच. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये दोनशेहून जास्त माणसं गेली. ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका, पात्र कितीही कोरडं दिसलं तरी.

परतीच्या वाटेवर बर्फाचा स्तूप बघितला. खरं तर त्याचा अवशेष : मातकट, तिरका, आतून टिपटिप वितळणारा. मुलांचा हिरमोड झाला, कारण त्यांनी फोटो बघितले होते हिवाळ्यातले. पण वितळणारा स्तूपच बघायला हवा, कामाचा तोच. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी वापराविना वाहून जातं. ते वरच्या अंगाने नळीत घ्यायचं, गावाजवळ आणून नळीचं तोंड उभं करायचं. उंचीच्या फरकाने पाणी आपोआप कारंज्यासारखं उडतं, पंप लागत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत खाली पडता पडता गोठतं. शंकूचा आकार अशासाठी की तेवढ्याच बर्फाचा कमी भाग उन्हाला लागतो. पहिला प्रयोग सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात केला. त्याच्याही आधी, १९८७ पासून, चेवांग नॉर्फेल नावाचे अभियंते दऱ्यांच्या सावलीत पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या करत होते. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. एका मुलीने विचारलं, “म्हणजे नवीन पाणी तयार होत नाही ना?” नाही. जानेवारीचं पाणी मे महिन्याला उसनं दिलं जातं, एवढंच.

फे गावाजवळचा सेकमॉलचा परिसरही बघितला. ही संस्था १९८८ पासूनची, दहावीत नापास झालेल्या मुलांसाठी प्रसिद्ध. दक्षिणेकडे तोंड केलेल्या जाड मातीच्या भिंती दिवसा ऊन साठवतात, हिवाळ्यात वर प्लॅस्टिकचा कागद ओढला की शेगडीविना खोल्या उबदार राहतात. जायचं तर आधी विचारून जा, ती राहती शाळा आहे.

लेहबद्दल थोडक्यात. शेवटच्या दोन रात्री एका हॉटेलात काढल्या. तिथे खोलीत रोज चार प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवत आणि दोन वेळा टॉवेल बदलत. आम्ही नको म्हणालो तरी ठेवत. सहा दिवस झिंगचं पाणी मोजलेल्या मुलांना फ्लशचा आवाज ऐकवेना. एकाने मला विचारलं की हे पाणी कुठून आणतात. कूपनलिकेतून, आणि सांडपाणीही त्याच जमिनीत मुरतं, असं सांगितलं, तर गप्प बसला. पुन्हा जाईन तेव्हा लेहमध्येही घरातच राहीन.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी : बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. गावात एटीएम नाही, रोख न्या, सुट्टे पैसे न्या. प्रत्येकाकडे धातूची बाटली आणि उकळलेलं पाणी मागायची सवय हवी. टोपी, गडद गॉगल, ओठांना मलम, कारण उन्हात भाजतं आणि सावलीत हुडहुडी भरते. कपडे पाटात धुवायचे नाहीत, खालच्या घरांचं पिण्याचं पाणी तेच असतं. खाण्याचे चोचले घरी ठेवा : खंबीर रोटी, स्क्यू म्हणजे कणकेचे तुकडे घातलेला रस्सा, ताक, भाजलेल्या सातूचं पीठ म्हणजे ङाम्फे. आपलं सातूचं पीठ खाल्लेल्यांना ते अनोळखी वाटत नाही. लोणी-मिठाचा चहा मात्र पहिल्या घोटाला चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या.

कचरा आम्ही परत आणला. ते सात टिश्यू, वेष्टनं, सेल, फुटलेली एक बादली. घरातून निघताना काट्यावर टांगून बघितला, अडीच किलो भरला. लेहच्या विमानतळावर तपासणीच्या जवानाने पोतं उघडायला लावलं.

“ये क्या है?”

“कचरा.”

त्याने पोत्यात वाकून बघितलं, मग रांगेतल्या नऊ पोरांकडे बघितलं. “धुलिया ले जा रहे हो?”

“हो,” सगळे एका सुरात म्हणाले.

त्याने पोत्याची गाठ पुन्हा स्वतः मारून दिली.