ईएफ सारखा, हृदय वेगळे

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) अहवाल यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्यावर बहुधा एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन). डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, हे तो सांगतो. परंतु जवनिका किती फुगली आहे, हे त्यातून कळत नाही.

समजा, दोघांचाही ईएफ 40 टक्के आहे. एकाच्या जवनिकेत 120 मिलिलिटर रक्त भरते आणि आकुंचनानंतर 72 उरते. दुसऱ्याच्या जवनिकेत 200 भरते आणि 120 उरते. निरोगी पुरुषात हे उरलेले रक्त साधारण 60 मिलिलिटरपर्यंत असते. दुसऱ्या रुग्णात मेलेल्या स्नायूचा भार उरलेल्या भिंतीवर पडला, ती ताणली गेली, आणि ताणल्यामुळे तिच्यावरचा भार आणखी वाढला. काळजी मला त्याची अधिक वाटते.

या काळजीला जुना आधार आहे. ऑकलंडच्या ग्रीन लेन रुग्णालयातील हार्वे व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1987 साली 605 पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यानंतर एक-दोन महिन्यांनी घेतलेल्या मापांपैकी आकुंचनानंतरच्या घनफळानेच रुग्ण जगण्याचा अंदाज सर्वांत चांगला दिला, ईएफने नव्हे.

डाव्या कर्णिकेचे, म्हणजे जवनिकेच्या वरच्या कप्प्याचे, घनफळही अहवालात हवे. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे ते 34 मिलिलिटरच्या वर गेले, तर हृदयातील दाब बराच काळ वाढलेला असण्याची शंका घ्यावी लागते.

मात्र एकोमध्ये जवनिकेचे टोक चित्रात नीट आले नाही, तर घनफळ कमी भरते. म्हणून एक तपासणी तालुक्याला आणि दुसरी नागपूरला झाली असेल, तर थोड्या फरकावरून मी निष्कर्ष काढत नाही.

"डाक्टरसाहेब, बाबाले आता काही भेव नाही ना?" असे मुलगा विचारतो, तेव्हा या आकड्यांवरून मी वर्षे मोजून सांगत नाही, कारण ते समूहाचा धोका सांगतात, एका माणसाची तारीख नव्हे. फुगलेली जवनिका गोळ्यांनी पुष्कळदा आकसते, हे मात्र मी त्याला आवर्जून सांगतो, आणि पेरणीच्या धांदलीतही गोळ्या बंद करू नका, काही महिन्यांनी शक्यतो त्याच ठिकाणी पुन्हा एको करा आणि जुना अहवाल सोबत आणा, असे चिठ्ठीवर लिहून देतो.