बनशंकरीची टोपली

कर्नाटकातल्या बदामीत पोचलो त्या रात्री चुकलोच. सोलापूरहून गाडीत बसून अंग आंबलेलं, म्हणून लॉजखालच्या हॉटेलात शिरलो आणि सवयीनं पनीर बटर मसाला मागवला. पाऊण तासानं गोडसर लाल रस्सा आला. चौघांचे साडेसातशे रुपये झाले आणि वर बाबांचं पोट बिघडलं.

सकाळी बनशंकरीला गेलो. देऊळ बदामीपासून पाचेक किलोमीटरवर. ही आईकडची कुलदेवता, त्यामुळे ओटीबिटी यथासांग झाली. बाहेर पडतो तो टोपल्यावाल्या बायकांनी गाठलं. "ऊटा माडरी! रोट्टी ऊटा!" म्हणजे जेवा, भाकरीचं जेवण. आईनं मोडक्या कानडीत "एष्टु?" विचारलं, तर उत्तर मराठीतच, "पन्नास रुपये ताट, मावशी. बसा." महाराष्ट्रातून इतकी माणसं येतात की ही भाषा त्यांच्या धंद्याचाच भाग झालीय.

फडकं बाजूला झालं. ज्वारीची कडक भाकरी, कागदाइतकी पातळ, मोडली की पापडासारखी वाजणारी. तीळ लावलेली बाजरीचीही होती. झुणका, मोडाची मटकी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, शेंगाचटणी आणि लाल मिरचीचा रंजका, ज्यानं माझ्या कानातून धूर निघाला. मग इवल्याशा मातीच्या गाडग्यातलं दही. बाईनं गाडगं उलटं करून दाखवलं, दही हललं नाही. "काल रात्रीचं आहे," म्हणाली. बाबा नको नको म्हणत दोन गाडगी खाऊन बसले आणि त्यांचं पोट तिथंच ताळ्यावर आलं.

यात महाग असणार तरी काय? ज्वारी, शेंगा, मिरच्या आसपासच्याच. ना भाडं, ना फ्रीज. भाकरीत पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकते. आईनं वीस भाकऱ्या आणि चटणीची पुडी बांधूनच घेतली. पट्टदकल, ऐहोळेची जुनी देवळं बघताना जेवण शोधत फिरायची वेळच आली नाही. कडुनिंबाखाली बसलो, भाकरी मोडली, वर चटणी, कांदा. संपलं.

बदामीच्या लेण्यांत मात्र फसलो. तिसऱ्या लेण्यातला ५७८ सालचा शिलालेख बघत होतो, तेवढ्यात माकडानं पिशवी लांबवली. कठड्यावर बसून त्यानं भाकऱ्या कुरुम कुरुम खाल्ल्या. मग चटणीची पुडी फोडली, बोट चाटलं आणि पुडी आमच्याच अंगावर भिरकावली.