गिरणाकाठी, पांढरीवर: उन्हाळी हाडं-वर्गाहून परतल्यावर

मी अमळनेरची, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. जुन्या वस्त्यांत सापडणाऱ्या माणसांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या, पदवीच्या मुलांसाठीच्या उन्हाळी संशोधन वर्गात निवड झाली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "माणसांची हाडं? मग घरात आंघोळ करूनच ये." तीन आठवडे पुण्यात प्रयोगशाळा आणि चौथा आठवडा माझ्याच मुलखात, खान्देशात. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी हे लिहिते.

मोठ्या माणसाच्या सांगाड्यातली २०६ हाडं पाठ करूनच जा. तिथे पाठांतराला वेळ मिळत नाही. वय दातांवरून आणि हाडांची टोकं मधल्या दांड्याला जुळली की नाही यावरून काढतात. बाई की पुरुष हे मुख्यतः कमरेच्या हाडावरून ठरतं, पण लहान मुलांच्या बाबतीत ते हाडांवरून खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा लेबलावर अंदाज ठोकू नका.

मी अडकले ते एका पटाशीच्या दातापाशी. त्यावर दोन आडव्या रेघा होत्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या. मॅडम म्हणाल्या, नख फिरव. फिरवलं आणि खाच लागली. दाताचं कवच घडत असताना मूल उपाशी राहिलं किंवा मोठ्या दुखण्यात सापडलं, की घडण काही काळ अडते. हाड आयुष्यभर बदलत राहतं, पण कवचावरची ती खाच कधीच भरून येत नाही. आणि खाचेच्या पुढे कवच पुन्हा नीट घडलं होतं, म्हणजे ते लेकरू दोन्ही वेळा वाचलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग चाळीसगाव. तिथून गिरणेकाठचं बहाळ आणि नदीपलीकडचं टेकवाडे. १९५० च्या दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी इथे उत्खनन केलं. टेकवाड्याला ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे त्या काळातली दफनं मिळाली, मडक्यांतली आणि खड्ड्यातलीही. गावात 'पुरातत्त्वाची जागा कुठे' असं विचारू नका, 'पांढर कुठे' असं विचारा. जुन्या वस्तीची राखट, पांढरट माती म्हणजे पांढर. शेतात टाकायला आणि घर सारवायला ती माती पिढ्यान् पिढ्या उचलली जाते, त्यामुळे अशी टेकाडं झिजत जातात. ज्याच्या शेतातून जायचं, त्याला आधी विचारा. आम्हाला कुणी अडवलं नाही, उलट एका घरी पाणी आणि गूळ मिळाला.

कड्याला मला एक बारीक लांबट हाड दिसलं. मी "लहान मूल!" म्हणून ओरडले आणि सगळे थांबले. सरांनी ते जागेवरच नीट बघायला लावलं. मोडलेल्या तोंडाशी हाडाची भिंत जाड आणि घट्ट होती, बाळाच्या हाडाची तशी नसते. ते करडाचं हाड निघालं. कोवळ्या जनावराची टोकं न जुळलेली हाडं बाळाच्या हाडांसारखीच दिसतात. म्हणून निघण्याआधी बकरीची, कोंबडीची आणि कुत्र्याची हाडं आवर्जून बघून घ्या. पांढरीवरचं काहीही उचलू नका, खापराचा तुकडासुद्धा नाही. शेजारी मापाची पट्टी ठेवून फोटो काढा आणि पुढे चला. खरंच माणसाचं हाड उघडं पडलेलं वाटलं, तर पोलीस पाटलांना कळवा.

मे महिना आहे, पारा ४४ च्या घरात जातो. सहाला कामाला लागा आणि अकराला सावलीत या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला उपरणं, माणशी किमान चार लिटर पाणी. वही पेन्सिलीने लिहा. माझ्या पहिल्या दिवसाच्या नोंदी घामाने पुसल्या गेल्या आणि त्या परत मिळणार नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुपारी जिथे थांबलो, तिथल्या ओसरीवर अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची घागर अजून तशीच होती, पितरांसाठी भरलेली. आजींनी विचारलं, "कथाईन उनात?" म्हणजे कुठून आलात. मग काय शोधता तेही विचारलं. मी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाण वस्तीचं सांगितलं: तिथे लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेलं सापडलं. आजी घागरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन त्यानी माय?" मी सांगितलं, मोठ्यांना खड्ड्यात, उत्तरेला डोकं करून पुरायचे, पण त्यातली त्याची आई कोणती, हे नुसत्या हाडांवरून कळत नाही. "मंग घरमाच ठेवं ते बरं करं," त्या म्हणाल्या आणि आमच्या ताटात आणखी एक मांडा वाढला. माझ्या वहीत त्या दिवशीची शेवटची नोंद तीच आहे.

वेळ असेल तर तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशेही बघा. तिथलं उत्खनन १९५४-५५ चं, बा. कृ. थापर यांचं. नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना ते लागतं. दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी सकाळी लवकर कमी असते.