नाचणाऱ्यांचं मत

आमच्या घरात टेक्नोवरचं, म्हणजे यंत्रांवर केलेल्या ठोकेबाज नाचाच्या संगीतावरचं, पहिलं मत आईचं असतं आणि ते इतक्या वर्षांत बदललेलं नाही. ‘अरे, हे सुरू कधी होणार?’ नुसता ठोका वाजत असतो, मग त्यावर टाळीचा आवाज चढतो, मग झांजेची बारीक किसकिस, आणि आई बिचारी मुखड्याची वाट बघत बसते. चहाचं आधण ठेवून परत येते तरी मुखड्याचा पत्ता नसतो.

परवा लागला होता ‘पॅरडाइज’. फ्लोअरप्लॅन या नावाने २०१३ साली आलेला अल्बम. नावामागचा माणूस रॉबर्ट हूड, मूळचा डेट्रॉइटचा. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या टेक्नो गटात तो सुरुवातीच्या काळात होता. १९९४ साली त्याने ‘मिनिमल नेशन’ काढला आणि टेक्नोतून काय काय काढून टाकलं तरी टेक्नो उरतो, हे दाखवून दिलं. मोजके आवाज, एखादी ओळ, तिच्यात होणारे किंचित बदल. पुढे लोकांनी ‘मिनिमल’ या नावाखाली बरंच काही कंटाळवाणं केलं, त्याचा दोष हूडला देऊ नये.

तर असा हा कमी बोलणारा माणूस. पुढे अलाबामात राहायला गेला, दीक्षा घेऊन ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने हा अल्बम केला. यात गॉस्पेलचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचे, आवाज आहेत, डिस्कोचा उबदारपणा आहे, आणि सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: लोक नाचले पाहिजेत. ‘नेव्हर ग्रो ओल्ड’मध्ये तर थेट विख्यात अमेरिकन गायिका आरिथा फ्रँकलिनचा आवाज आहे. तिचे वडील डेट्रॉइटमधल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री होते, म्हणजे हूडने घेतलेला हा आवाज त्याच्या गावचाच. जिथे कुणी म्हातारं होत नाही अशा देशाबद्दलचं ते जुनं भक्तिगीत, आणि ते नाचायला लावतोय चाळिशी सरत आलेला गृहस्थ. मला यात थोडा खट्याळपणा दिसतो. हूडला तो अभिप्रेत नसावा, माणूस श्रद्धेच्या बाबतीत फार गंभीर आहे.

अशा अल्बमवर ऐकणाऱ्यांची मतं कशी असतात ते बघण्यासारखं असतं. एक गट निष्ठावंतांचा. त्यांना १९९४चा हूड हवा असतो, कायमचा. ‘ज्याने सगळं काढून टाकलं, तोच आता चर्चमधला समूहस्वर घालतोय?’ असं ते दुखावलेल्या सुरात विचारतात. मला हे मत पटत नाही. ‘वी मॅग्निफाय हिज नेम’ नीट ऐकलं तर काटकसर तीच आहे. आळवणीचा छोटासा तुकडा घ्यायचा आणि त्याच्याच बळावर सगळी मिनिटं काढायची. चिक्कू माणसाने देवाचं नाव घेतलं म्हणून तो उधळ्या होत नाही.

दुसरा गट म्हणतो, हा अल्बमच नाही, डीजे लोकांसाठी बांधून दिलेली अवजारं आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे आणि आईची तक्रारही इथेच येऊन मिळते. सुरुवातीचा तो नुसता ठोका ऐकणाऱ्यासाठी नसतोच. तो डीजेसाठी असतो. आधीची तबकडी वाजत असताना नव्या तबकडीचा ठोका तिच्याशी जुळवून घ्यायला मोकळी जागा लागते, म्हणून आरंभी आणि शेवटी असं मोकळं मैदान सोडतात. टेक्नोचं मूळ घर बारा इंची सिंगल. अशा तबकडीच्या एका बाजूला एखादंच गाणं कोरलं की चरे ऐसपैस बसतात आणि खालचा आवाज दणदणीत भरता येतो. लाँग-प्लेच्या एका बाजूवर वीस मिनिटं कोंबली की ती चैन परवडत नाही. म्हणूनच नाचासाठीचे अल्बम पुष्कळदा दोन-तीन तबकड्यांवर वाटून येतात. अल्बम ही खुर्चीत बसणाऱ्यांची सोय. हे संगीत उभ्या माणसांचं.

त्यात ऐकायचं कशावर, हा वेगळाच घोळ. टेक्नोतल्या किकचा, म्हणजे त्या खालच्या ‘धम’ ठोक्याचा, खरा जोर साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तिथपर्यंत उतरताच येत नाही. मिनिटाला १२८ ठोके धरले तर सहा मिनिटांच्या गाण्यात ७६८ किक होतात, आणि फोनवर त्या सगळ्या नुसत्या ‘टक टक’ करत जातात. आणि माझे काही मित्र ऑफिसच्या बसमध्ये फोनवर ऐकून ‘दम नाही’ असा निकाल देतात. दम होता, बसमध्ये चढलाच नाही.

माझं स्वतःचं गाऱ्हाणं वेगळं आहे. ‘पॅरडाइज’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकला की ताटात नुसत्या जिलब्या वाढल्यासारखं होतं. प्रत्येक गाणं रात्री दोनच्या गर्दीसाठी केलेलं. साडेअकराला नुकत्याच आलेल्या, अजून कोट न काढलेल्या माणसासाठी काहीच नाही. तरी पुढच्या ‘व्हिक्टोरियस’पेक्षा मला हाच जास्त आवडतो. २०१६च्या त्या अल्बमपर्यंत हूडची मुलगी लिरिक फ्लोअरप्लॅनमध्ये आली होती. बाप-लेक शेजारीशेजारी उभे राहून लोकांना नाचवतात हे दृश्य कुणालाही आवडावं असं आहे, पण दृश्य आवडलं म्हणून अल्बमला जास्त गुण द्यायचे नसतात.

या सगळ्या वादात एक मत मात्र कधीच ऐकू येत नाही, ज्यांच्यासाठी हे केलं त्या नाचणाऱ्यांचं. त्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं की आत्ता वाजलं ते कुणाचं, कुठल्या अल्बममधलं, जुनं की कालचं. डीजेने त्याच्या आधी आणि नंतर भलत्याच कुणाचं तरी वाजवलेलं असतं, सांधा लागलेला कळतही नाही. तिथे अल्बम नावाची वस्तू विरघळून जाते. म्हणजे गंमत अशी, की नाचासाठी केलेल्या अल्बमवर जी मतं आपल्यापर्यंत येतात ती बहुतेक सगळी बसलेल्या लोकांची. नाचणारा मत देतो ते पायांनी. गाणं बदललं की तो पाणी प्यायला सटकतो किंवा सटकत नाही. समोर उभा असलेला डीजे हे सगळं टिपत असतो आणि पुढच्या शनिवारी ती तबकडी पिशवीत घ्यायची की नाही ते ठरवतो. हूड स्वतः डीजे असल्यामुळे असले निकाल त्याने समीक्षकांपेक्षा कितीतरी जास्त वाचलेले असणार.

माझा भाचा बर्लिनला नोकरीला आहे. तिथल्या काही क्लबांत दारावरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. त्यामुळे पुरावा म्हणून आणायला काहीच नाही. गेल्या रविवारी दुपारी त्याचा व्हॉइस मेसेज आला: ‘मामा, काल एक गाणं वाजलं, वेड लावलं त्याने. कुणाचं ते सांग ना. असं होतं बघ,’ आणि पुढे बराच वेळ तोंडाने ‘धम, धम, धम, धम’. मी तीनदा ऐकलं. टेक्नोतलं कुठलंही गाणं असू शकलं असतं. मी विचारलं, ‘आणखी काही होतं का रे त्यात?’ उत्तर आलं, ‘एक बाई गात होती. जुन्या काळातली वाटत होती. मी पाणी आणायला निघालो होतो, परत फिरलो.’

मी ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ची लिंक पाठवून दिली आहे. निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. ऑफिसमध्ये फोनच्या स्पीकरवर लावून बघत असेल, म्हणजे त्याला ओळखू यायची आशा कमीच.